ड्रॅगन आणि दोघे: प्रेमकादंबरीवरचे फॅन आर्ट जलरंगात, तेही गोव्याच्या दमट हवेत

ड्रॅगन असलेल्या प्रेमकादंबऱ्यांवर चाहत्यांनी काढलेली चित्रे, म्हणजे फॅन आर्ट, पाहताना एक उणीव वारंवार जाणवते. ड्रॅगन मन लावून काढलेला असतो, नायक-नायिकाही देखणे असतात, पण तिघे एकाच जागी, एकाच उजेडात आहेत असे वाटत नाही. जोडपे पुढे चिकटवल्यासारखे आणि ड्रॅगन मागच्या पडद्यावर. याचे कारण बहुतेक वेळा हात कच्चा असणे हे नसते. मापे ठरवलेली नसतात, हे असते. कोण किती उंच, कोणाचा हात कुठवर पोचतो, उजेड कुठून येतो हे आधी नक्की केले की भावना चित्रात वेगळी घालावी लागत नाही. म्हणून या लेखात रंगांइतकीच जागा मोजपट्टीला दिली आहे.

साधन म्हणून ए-थ्री आकाराचा जलरंगाचा कागद, म्हणजे २९.७ × ४२ सेंटिमीटर, धरला आहे. त्यावर जलरंग आणि शेवटी थोडा पांढरा गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. उदाहरणासाठी सगळीकडे एकच प्रसंग घेऊ: उड्डाण संपवून काळा ड्रॅगन समुद्राकाठच्या कड्यावर उतरला आहे, ती अजून त्याच्या मानेच्या बुंध्याशी बसलेली आहे, तो खाली उभा राहून तिला उतरवायला हात वर करतो आहे, आणि हात अजून भिडलेले नाहीत. तुमच्या कादंबरीतला प्रसंग वेगळा असेल. पद्धत तीच राहील.

आधी पुस्तक, मग पेन्सिल

निवडलेला प्रसंग आणि ड्रॅगनचे वर्णन येणारी सगळी पाने पुन्हा वाचा. वहीच्या पानाचे तीन रकाने करा. पहिल्यात लेखिकेने स्पष्ट लिहिलेल्या गोष्टी: खवल्यांचा रंग, डोळे, शिंगे, शेपटीचे टोक, जुने वण, खोगीर आहे की नाही. दुसऱ्यात वाक्यांतून निघणाऱ्या गोष्टी. ती ड्रॅगनच्या पुढच्या पायावरून चढून वर जाते असे लिहिले असेल, तर खांदा तिच्या डोक्याच्या बराच वर आहे हे त्यातच आले. तिसऱ्या रकान्यात मोकळे सोडलेले सगळे. तुमची कल्पना चालवायची जागा तेवढीच. प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांक लिहा, कारण मालिका चार-पाच भागांची असली की पहिल्या भागातले वर्णन तिसऱ्यात बदललेलेही सापडते.

दोन गोष्टी विशेष तपासा. एक म्हणजे पाय. चार पाय आणि दोन पंख असा सहा अवयवांचा ड्रॅगन वेगळा. दोनच पाय आणि पंख असलेला, ज्याला वायव्हर्न म्हणतात, तो वेगळा. काही कादंबऱ्यांत दोन्ही जाती असतात आणि कथानक त्या फरकावर उभे असते. दुसरी गोष्ट माणसांची. पात्र सावळे असेल तर चित्रात उजळ करू नका, कुबडी, चष्मा किंवा वण असेल तर गाळू नका. वाचकाने त्या पात्रावर प्रेम केले आहे ते त्या सगळ्यासकट.

या टप्प्यावर इतरांची चित्रे आणि पुस्तकाचे मुखपृष्ठ बाजूला ठेवा. मुखपृष्ठावरचा ड्रॅगन हा मुखपृष्ठकाराचा आहे, मजकुरातला तुमचा.

मापे: इथेच चित्र ठरते

समजा तो १७६ सेंटिमीटर उंच आहे आणि ड्रॅगन खांद्याशी ३.३ मीटर, नाकापासून शेपटीपर्यंत १३.२ मीटर. पूर्ण ड्रॅगन दाखवायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यासाठी माणूस कागदावर ८ सेंटिमीटरचा धरला, तर १ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले २२ सेंटिमीटर. ड्रॅगन होतो ६० सेंटिमीटर लांब, म्हणजे आडव्या ए-थ्रीतही तो मावणार नाही. शिवाय माणसाचे डोके जेमतेम १ सेंटिमीटर. तेवढ्या चेहऱ्यावर ओठ आणि भुवयांचा भाव ब्रशने निघत नाही. चेहरा वाचता यावा यासाठी डोके किमान २ सेंटिमीटर हवे. तेव्हा ए-थ्रीवर पूर्ण ड्रॅगन आणि बोलका चेहरा, दोन्ही मिळत नाहीत. प्रेमकथेत निवड चेहऱ्याची करावी असे आमचे स्पष्ट मत आहे. शेपटी कापली गेली तरी काही बिघडत नाही.

आता माणूस १६ सेंटिमीटरचा धरा, कागद उभा. १ सेंटिमीटर म्हणजे ११ सेंटिमीटर. डोके २ सेंटिमीटरच्या थोडे वर. ड्रॅगनचा खांदा ३० सेंटिमीटरवर येतो आणि तिचे बसलेले धड त्यावर आणखी ८. एकूण ३८. चारी बाजूंना टेपसाठी १ सेंटिमीटर सोडले तर रंगवायला ४० मिळतात, म्हणजे फारच दाटीवाटी.

पण खरी अडचण पुढे आहे. १७६ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा वर केलेला हात साधारण २.२ मीटरवर पोचतो. ३.३ मीटरवर बसलेली ती कितीही वाकली तरी तिची बोटे २.८ मीटरच्या खाली फारशी येत नाहीत. मध्ये ६० सेंटिमीटरचे अंतर, कागदावर साडेपाच सेंटिमीटर. हात भिडणारच नाहीत. अनेक चित्रांत इथे नकळत माणूस ताणला जातो किंवा ड्रॅगन घोड्याएवढा होतो, आणि पाहणाऱ्याला काय चुकले ते सांगता येत नाही, पण खटकते.

उपाय ड्रॅगनकडे आहे. त्याला पुढचे गुडघे वाकवू द्या. खांदा ३.३ वरून २.७ मीटरवर आला की कागदावर साडेचोवीस सेंटिमीटर होतो, तिचे डोके साडेबत्तीसवर येते, आणि तिची बोटे त्याच्या बोटांपासून दोन सेंटिमीटरवर थांबवता येतात. वर ड्रॅगनच्या डोक्याला जागाही राहते. आणि पाहा, मोजणीतून कथा निघाली: एवढे मोठे जनावर या दोघांसाठी खाली झुकले आहे. हा संबंध मापाशिवाय सुचला नसता.

ड्रॅगनचे डोके सुमारे एक मीटर धरा, म्हणजे कागदावर ९ सेंटिमीटर. मान वळवून ते वरच्या उजव्या भागात आणा. तो कुठे बघतो याने प्रसंगाचा अर्थ बदलतो. त्या दोघांकडे बघत असेल तर तो या नात्यात सामील आहे. दूर समुद्राकडे बघत असेल तर पहारा देतो आहे, आणि दोघांना एकांत देतो आहे. थेट आपल्याकडे बघत असेल तर सगळे लक्ष तोच ओढून घेतो; असे चित्र या प्रसंगाला घातक.

शरीररचना: नमुने आसपासच आहेत

ड्रॅगन कल्पित असला तरी त्याचे सांधे कल्पित असून चालत नाहीत. गोव्यात त्यासाठी लागणारे सगळे जिवंत नमुने आहेत.

पंखाची मूळ रचना वटवाघळाची. दंड, कोपर, मनगट आणि मग लांबलेली बोटे: हाडांचा क्रम आपल्या हातासारखाच. अंगठा मोकळा, बाकी चार बोटांत त्वचा ताणलेली, आणि ती मागे अंगाशी जुळलेली. आधी हाडेच काढा, त्वचा नंतर. दोन बोटांच्या टोकांमधली कड नेहमी आत वळते, बाहेर फुगत नाही. उघडलेल्या छत्रीच्या दोन काड्यांमधली कापडाची कड बघून घ्या. सहा अवयवांच्या ड्रॅगनला खांदे दोन जोड्या लागतात. पंखाचा खांदा पुढच्या पायाच्या खांद्याच्या थोडा मागे आणि वर ठेवा, आणि छातीचे स्नायू जाड करा. पाठीवर नुसते खोचलेले पंख हा सर्वांत जास्त दिसणारा दोष आहे. स्वार पंखाच्या या सांध्यापुढे, मानेच्या बुंध्याशी बसतो. सांध्यावर किंवा त्याच्या मागे बसवला तर पंख खाली येताना त्याचे पाय चिरडतील.

कुळागरात, पोफळीच्या खोडावर, नशीब असेल तर उडता सरडा दिसतो. त्याचे शास्त्रीय नावच ड्रॅको. त्याचा पडदा हातावर नसून लांबलेल्या बरगड्यांवर असतो, त्यामुळे त्याला पंख मारता येत नाहीत, तो फक्त तरंगत खाली येतो. म्हणून पंखाच्या बांधणीसाठी तो नमुना नको. पण पडदा मिटल्यावर अंगावर घड्या कशा पडतात आणि खोडाच्या रंगात तो कसा मिसळतो यासाठी उत्तम.

त्वचेसाठी घोरपड आणि मगर. घोरपडीचे खवले बारीक दाण्यांसारखे, मानेला सैल वळ्या. मगरीच्या पाठीवर हाडांच्या उंचवट्यांच्या रांगा. कुंभारजुव्याच्या कालव्यात, ओहोटीच्या वेळी चिखलावर पडलेल्या मगरी होडीतून दिसतात. दोन्ही प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, तेव्हा लांबून फोटो, बस्स. पंखांची हालचाल बघायची तर मालीमच्या जेटीवर मासळी उतरताना जा. ब्राह्मणी घारी पाण्यावर झेप घेतात, आणि पंख वर नेताना तो अर्धा मिटलेला असतो, खाली मारताना पूर्ण उघडलेला, हे तिथे पाच मिनिटांत कळते.

यातून एक नियम ठरवा: खवले सगळीकडे सारखे नसतात. पोटावर आडव्या रुंद पट्ट्या, पाठीवर मोठे, सांध्यांवर आणि पापण्यांभोवती बारीक, नाकाडावर चपटे. सांध्यावर मोठे खवले काढले की तो पाय वाकूच शकणार नाही असे वाटते.

कडा कुठला घ्यायचा? कादंबरीत बर्फाळ ग्रॅनाइटचे डोंगर असतील तर तेच काढा. मजकुराने नुसता ‘कडा’ म्हटले असेल तर काब द रामचा कडा किंवा शापोऱ्याच्या किल्ल्याची तटबंदी प्रत्यक्ष बघून काढता येते, आणि तिथे सूर्य समुद्रात मावळतो, म्हणजे आपल्याला हवा असलेला मागचा उजेड आयता मिळतो. जांभा उन्हाळ्यात कोरडा विटकरी दिसतो. पावसात भिजला की जवळजवळ जांभळट काळा, आणि भोकांत शेवाळ.

छोटे आराखडे

६ × ८.५ सेंटिमीटरच्या सहा-सात चौकटी आखा आणि फक्त तीन छटांत प्रसंग मांडा: कागदाचा पांढरा, मधला राखाडी, गडद. रेषेने काढू नका, डागांनी काढा. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासो यांची अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या चकचकीत रंगवलेल्या, फरशांवरची मोठी दृश्ये आहेत. सगळी निळ्या रंगात, तरीही जहाज, माणूस, आकाश वेगवेगळे वाचता येतात. एका रंगात दृश्य उभे राहते ते छटांमुळे, हे तिथे उभे राहून एकदा शिकून घ्यावे.

आपल्या प्रसंगात सर्वांत उजळ जागा पंखाचा पडदा. मागे सूर्य असल्याने तो आतून पेटल्यासारखा दिसेल. सर्वांत गडद ड्रॅगनची छाती. दोघांचे हात नेमके उजळ पडद्यासमोर आले पाहिजेत, तरच बोटांमधले ते दोन सेंटिमीटर लांबूनही दिसतील. हात काळ्या छातीसमोर आले तर चित्राचा गाभाच हरवतो. आराखड्याचा फोनवर कृष्णधवल फोटो काढा आणि अंगठ्याएवढा करून बघा. हात दिसतात? मग पुढे जा.

कागद आणि गोव्याची हवा

कागद १०० टक्के सुती, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरखरीत पृष्ठभागाचा. लाकडी लगद्याचा स्वस्त कागद चौथ्या-पाचव्या थराला सोलवटतो, आणि या चित्रात त्याहून जास्त थर आहेत.

जुलैत इथली आर्द्रता बरेचदा ८५ टक्क्यांच्या वर असते आणि त्याचा पहिला फटका कागदाच्या खळीला, दुकानात जिला साइझिंग म्हणतात तिला, बसतो. खळ गेलेला कागद बाहेरून नवा कोरा दिसतो. रंग लावला की तो टिपकागदासारखा पितो आणि ठिपके-ठिपके उमटतात. म्हणून चित्र काढण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. तो मिनिटभर फुगीर राहिला तर कागद चांगला. लगेच आत जिरला तर त्यावर जलरंग नको. जाड गुआश किंवा ॲक्रिलिकच्या सरावाला वापरा. नवे कागद घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा झिप पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारे दाणे घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तासदोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. कागद भिंतीला टेकवून किंवा फरशीवर ठेवू नका. तपकिरी बुरशीचे ठिपके एकदा आले की जात नाहीत.

कागद ताणण्यासाठी टबातल्या स्वच्छ पाण्यात पाच ते आठ मिनिटे बुडवा, एका कोपऱ्याने धरून निथळवा, १२ मिलिमीटरच्या प्लायवर पसरा आणि चारी कडांना पाण्याने चिकटणारी कागदी गम टेप लावा. टेप कागदावर १ सेंटिमीटर, बाकी फळीवर. फळी आडवीच वाळवा. उभी ठेवली तर पाणी खाली उतरून खालची टेप सुटते. मे महिन्यात रात्रभरात काम होते, पावसात पूर्ण दिवस किंवा जास्त धरा. पंखा खोलीत फिरू दे, पण थेट कागदावर नको, कारण एक बाजू आधी आकसली की टेप फाटते. गम टेपचे रीळही पावसाळ्यात झिप पिशवीतच, नाहीतर ते आपल्याआपणच चिकटून ठोकळा होते.

रेखाटन साध्या कागदावर पूर्ण आकारात पक्के करा. मागून ४बी पेन्सिल घासा, चांगल्या कागदावर ठेवून टोकदार एच पेन्सिलने हलके गिरवा. कार्बन पेपर वापरू नका. त्याची मेणचट रेघ खोडली जात नाही आणि तिच्यावर रंग बसत नाही. आणि तळहाताखाली नेहमी एक कोरा कागद ठेवा. इथल्या घामाचा डाग कागदावर दिसत नाही, पण वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, दिला की तिथे रंग नाकारला जातो.

रंग

सात पुरतात. ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचायची सवय लावा, कारण नावे कंपनीगणिक बदलतात:

हंसा यलो (पीवाय ९७), यलो ऑकर (पीवाय ४३), क्विनाक्रिडोन रोझ (पीव्ही १९), बर्न्ट सिएना (पीबीआर ७), अल्ट्रामरीन (पीबी २९), फ्थॅलो ब्लू (पीबी १५), आणि पांढरा गुआश (पीडब्ल्यू ६). गोल ब्रश १०, ६ आणि २ नंबरचे, एक इंचाचा एक चपटा, पाण्याची दोन भांडी.

अलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) आणि ओपेरा नावाचा झगझगीत गुलाबी टाळा. दोन्ही उजेडात उडतात. सोनेरी-चंदेरी चमकीचे रंगही या चित्रात नकोत: हातात धरल्यावर सुंदर, पण स्कॅनमध्ये मातकट तपकिरी येतात. सोने रंगवायचे ते छटांनी. ऑकरचा तळ, सिएनाची सावली, तिच्या शेजारीच एकदम गडद पट्टा आणि एक बारीक, जवळजवळ पांढरी ठिणगी. गडद आणि उजळ एकमेकांना लागून आले की धातू चमकतो.

काळ्या ड्रॅगनसाठी काळी ट्यूब उघडू नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दोनास एक घेतले तर थंड निळसर काळा, समसमान घेतले तर उबदार. रंग घट्ट कालवा. जलरंग वाळल्यावर फिका होतो, त्यामुळे ओला असताना जरा जास्तच गडद वाटला पाहिजे.

रंगवण्याचा क्रम

आकाश आणि समुद्र पहिले. हात आणि पंखाची कड सोडून बाकी भाग स्वच्छ पाण्याने ओला करा, पाण्याची चमक मंद झाली की क्षितिजाशी हंसा यलो, वर रोझ, सर्वांत वर पातळ अल्ट्रामरीन. पिवळा आणि निळा थेट भेटू देऊ नका, हिरवट होतो. मध्ये रोझची पट्टी राखा. वॉश अर्धवट वाळला असताना जास्त ओला ब्रश परत लावला की फ्लॉवरच्या कडेसारखे डाग फुलतात. पावसाळ्यात कागद तासभर अर्धओलाच राहतो म्हणून इथे ही चूक फार होते. चमक गेली म्हणजे वाळला असे नाही. हाताची पालथी बाजू जवळ न्या. गार लागला तर आत पाणी आहे. घाई असेल तर हेअर ड्रायर मंद ठेवून २०-२५ सेंटिमीटरवरून फिरवा.

मग पंखाचा पडदा. हा या चित्राचा दिवा आहे, इथे वेळ द्या. पहिला थर पातळ हंसा यलो, पूर्ण पडद्यावर. वाळल्यावर रोझचा पारदर्शक थर, पण सूर्य जिथे बरोबर मागे आहे तिथला भाग सोडून, कडा ओल्या ब्रशने विरवून. तिसऱ्या थरात बोटांच्या हाडांच्या दोन्ही बाजूंना बर्न्ट सिएना, कारण तिथे त्वचा जाड असते आणि उजेड कमी येतो. शिरा शेवटी, २ नंबरच्या ब्रशने, हाडापासून कडेकडे बारीक होत जाणाऱ्या. सगळ्या शिरा सारख्या जाड काढल्या की पडदा झाडाच्या पानासारखा दिसतो. इथे पांढरा गुआश अजिबात मिसळू नका. त्याने उजेड आतून येणे बंद होते.

ड्रॅगनचे अंग एका सलग मधल्या छटेने भरा: समसमान मिश्रण, थोडे पातळ. वाळल्यावर सावलीचा आकार एकाच गडद थरात. आता खवले. एकेक खवला सगळ्या अंगावर काढायला बसू नका. चित्र मरते, आणि माणूसही थकतो. उजेडातून सावलीत वळणाऱ्या पट्ट्यातच खवले काढा. पूर्ण उजेडात ते विरतात, खोल सावलीत बुडतात. त्या पट्ट्यात मानेच्या गोलाईप्रमाणे वाकणाऱ्या दोन तिरक्या जाळीच्या रेषा पेन्सिलने पुसट आखा आणि छेदांवर खवल्याच्या खालच्या कडेची सावली द्या. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना खवले तुटक करत न्या. काळ्या रंगावर आकाश उतरते हे विसरू नका: पाठीच्या वरच्या कडेला पातळ फ्थॅलो आणि थोड्या गुआशची राखाडी-निळी रेघ दिली की काळे अंग गोल होते.

तुमच्या प्रसंगात ज्वाळा असेल तर तिचा सर्वांत तप्त भाग म्हणजे कोरा कागद. तो राखायला मास्किंग फ्लुइड, म्हणजे वाळल्यावर सोलून काढता येणारा रबरी द्राव, लावा, पण त्याच दिवशी काढा. उष्म्यात ते दोन-तीन दिवस राहिले तर कागदाचा पापुद्रा घेऊन निघते. ब्रश आधी साबणात बुडवा. उजेडाची मोजणी लक्षात ठेवा: ज्वाळेपासून अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. एक मीटरवरचा चेहरा उजळला असेल तर चार मीटरवरच्या पंखावर त्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढाच उजेड पडेल. सगळे सारखेच नारिंगी केले तर ज्वाळा खोटी वाटते.

चेहरे आणि हात

हे सर्वांत शेवटी, ताज्या डोळ्यांनी. त्वचेचा तळ यलो ऑकर आणि रोझ. सावळ्या त्वचेला बर्न्ट सिएना जास्त, आणि सावलीत अल्ट्रामरीनचा थेंब. गडद त्वचेची सावली काळ्याने केली तर ती राखेसारखी निस्तेज होते. पंखातून गाळून आलेला नारिंगी उजेड दोघांच्याही चेहऱ्यांवर त्याच बाजूने, त्याच रंगाचा पडू द्या: तिच्या गालावर, त्याच्या कपाळावर, आणि दोघांच्या बोटांच्या कडांवर. एका उजेडात आल्यानेच ते एकत्र दिसतात. म्हणून हा थर दोघांना एकाच वेळी, एकाच कालवणीतून द्या. आधी ती पूर्ण, मग तो, असे केले तर छटा जुळत नाहीत.

हाताची लांबी हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत. लहान हात ही सवयीची चूक. वरून येणारा हात सैल, बोटे किंचित वाकलेली. खालून जाणारा ताणलेला. दोन्ही सारखे ताणले तर मदत होण्याऐवजी ओढाताण दिसते. नजरा पेन्सिलने जोडून बघा: ती त्याच्या चेहऱ्याकडे बघते आहे की हाताकडे? हाताकडे बघणारी नजर सावध, चेहऱ्याकडे बघणारी विश्वासाची. कादंबरीत त्या पानावर त्यांचे काय चालले आहे त्यावरून ठरवा. केस, झगा, खोगिराचे पट्टे, सगळे एकाच वाऱ्यात उडू द्या.

पांढरा गुआश फक्त आता आणि थेंबाएवढा: डोळ्यांतली चमक, एखादी बट, नखाची कड. गुआश खालचा रंग विरघळवतो, म्हणून एका फटक्यात लावा आणि परत हात लावू नका. उजळ गुआश वाळल्यावर थोडा गडद होतो, हेही हिशेबात धरा.

स्कॅन, श्रेय, फ्रेम

ए-फोर स्कॅनरवर ए-थ्री तीन भागांत घ्या, लागून येणाऱ्या दोन भागांत ५ सेंटिमीटर सामाईक ठेवून. ३०० डीपीआयला पूर्ण चित्र ३५०८ × ४९६१ पिक्सेल होते आणि त्याच आकाराच्या छपाईला तेवढे पुरते. फोटोच काढायचा तर सकाळी बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, सावलीत, कॅमेरा चित्राला समांतर. लाल ऑक्साइडच्या जमिनीचा रंग चित्रावर परावर्तित होतो आणि निळे आकाश जांभळट येते. खाली पांढरी चादर अंथरा.

टाकताना कादंबरीचे आणि लेखिकेचे नाव, कोणत्या भागातला प्रसंग आणि कथानक फुटत असल्यास तशी सूचना वर लिहा. स्वतःपुरते चित्र काढणे आणि ते विकणे यांत फरक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी वापराला सवलत देते. प्रिंट, स्टिकर, टी-शर्ट विकायला ती सवलत लागू आहे असे धरून चालू नका. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे हक्क राहतो. बऱ्याच लेखिका आणि प्रकाशक फॅन आर्टविषयीची आपली अट संकेतस्थळावर देतात. ती वाचा, नसेल तर विचारा. जत्रेत किंवा महोत्सवात स्टॉल लावायचा असेल तर तुमचा स्वतःचा ड्रॅगन, तुमची स्वतःची पात्रे, हा बिनघोर मार्ग.

फ्रेमला आम्लमुक्त माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, घ्या; त्याने काच चित्राला टेकत नाही. टेकली तर दमट हवेत रंग काचेला चिकटतो. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणे लावा, मागून हवा खेळते. पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, आतल्या भिंतीवर टांगा. चवथीच्या साफसफाईत फ्रेम उतरवून मागची पाठ तपासा. तिथे ओल, कसर किंवा वाळवीची माती दिसली तर फ्रेम उघडून चित्र कोरड्या खोलीत आडवे ठेवा, आणि माउंट बदलल्याशिवाय परत बसवू नका.